किमान पाच

दर मे महिन्यात कॉलेजची माहितीपुस्तिका माझ्याकडे येते,
छापायला जाण्याआधी.
खरं तर ती हिंदीत असते आणि मी मराठीची,
पण कनाडिया रोडच्या या टोकाला
ऱ्हस्व-दीर्घाला घाबरणारी
मी एकटीच उरलेय.

तत्त्वज्ञान : फादर खलखो. विद्यार्थी सहा, त्यांतले चार सेमिनरीचे.
तर्कशास्त्र शिकवताना वीज गेली
की फादर 'म्हणून' या शब्दावर थांबतात
आणि पंखा फिरेपर्यंत निष्कर्ष काढत नाहीत.
संगीत : एक पेटी, एक पियानो,
पियानोच्या तीन पट्ट्या आषाढात मुक्या.
लॅटिन : मागणीनुसार.
अठरा वर्षांत मागणी एकदाच आली,
छावणीतल्या एका होमिओपॅथ डॉक्टरांची,
त्यांना औषधांची नावं नीट उच्चारायची होती.
मराठी : ऐच्छिक.

इथे पेन्सिल अडते.
नियम आहे, किमान पाच.
रामबागेतली मुलं पुण्याला जातात,
उरलेली घरी मराठीत भांडतात
आणि फॉर्मवर हिंदी भरतात.
यंदा एकच नाव.
मथियास कटारा. थांदल्याच्या पुढचा कुठलासा फलिया.

मला वाटलं, खूण चुकली असेल,
चौकोन फार जवळजवळ छापतात.
बोलावून विचारलं, बाळ, तुला मॅथ्स हवं होतं का?
'नाय मॅडम, मराठीच.
नाशकाला बिल्डिंगी बांधल्या आम्ही.
बा, आई अन् मी. पाच वर्षं.'

बांधकामावरची मराठी.
तिच्यात 'कृपया' नव्हतं.
थापी होती, चाळण होती, परांची होती,
'उचल' होतं, 'दमानं' होतं,
आणि दर दोन वाक्यांनी 'खाली कोण आहे?'
ओळंबाही होता.
ओळंबा मला माहीत होता, शब्द म्हणून.

त्यानं माझ्या फाइलची नाडी सोडली,
तिला कपाटाची किल्ली बांधली,
आणि खिडकीच्या चौकटीशी धरली.
किल्ली हलली, हलली,
मग थांबली.
'बघा,' तो म्हणाला, 'भिंत तुमची खोटी आहे.'

त्याच भिंतीवर संस्थापक फादरांची तसबीर आहे,
जर्मनीहून आलेले, दाढीवाले.
सिस्टर रोसम्मा रोज सकाळी येऊन
ती चौकटीबरोबर सरळ करतात.
दुपारपर्यंत ती पुन्हा कलते.
म्हणजे इतकी वर्षं
फादर बरोबर टांगले होते
आणि आम्ही त्यांना भक्तिभावानं
वाकडं करत होतो.

मी प्राचार्यांकडे गेले. सगळं सांगितलं, किल्लीसुद्धा दाखवली.
फादर केरकेट्टा हसले, चहा मागवला,
भिंत बघायला माणूस पाठवतो म्हणाले.
'पण मॅडम, एक म्हणजे पाच नव्हे.
विद्यापीठाचा नियम. माझ्या हातात असतं तर…'
उतरताना जिन्यावरचं मोठं चित्र लागलं,
मेंढपाळ, खांद्यावर एकच मेंढरू.
त्यालाही विचारणार होते, तुमच्यात किमान किती?
पण मागून बी.कॉमची मुलं येत होती,
बाजूला व्हावं लागलं.

पुस्तिका छापून आली.
मराठीची ओळ नाही.
पण छापणाऱ्यानं खालचा मजकूर वर सरकवला नाही,
लॅटिन आणि समाजकार्य यांच्यामध्ये
बोटभर कोरी पट्टी राहिलीय.
शुक्रवारी चार वाजता आम्ही तिथं बसतो.
मेसची घंटा साडेपाचला.

आज तो ळ काढतोय.
दोन्ही गोल सारखे येत नाहीत,
एक जरा खाली ओघळतो.
मी काही बोलत नाही.
भिंतीचा माणूस अजून आलेला नाही.